आधी नाव, मग नंबर: अमेरिकेतल्या ‘सप्लाय कॅटलॉगर’ची कुळकथा

अमेरिकेतल्या सरकारी कचेरीत गेलात, तर टेबलावर एक काळं बॉलपेन सापडण्याची शक्यता दाट. त्यावर ‘स्किलक्राफ्ट, यू. एस. गव्हर्नमेंट’ असं छापलेलं असतं. १९५२ पासून ही पेनं अंध कामगार जोडत आले आहेत. सलग मैलभर रेघ ओढता आली पाहिजे, अशी अट त्याच्या सोळा पानी सरकारी तपशीलपत्रात आहे. साध्या पेनाला सोळा पानं! सरकारी दप्तरात मात्र ते ७५२०-००-९३५-७१३५ या तेरा आकड्यांनी ओळखलं जातं.

पहिले चार आकडे वर्गाचे. ७५२० म्हणजे ऑफिसातली किरकोळ साधनं. पुढचे दोन देशाचे. शेवटचे सात आकडे मुद्दामच अर्थहीन ठेवलेले. त्यांत माप, रंग, वजन असं काही कोंबलं असतं, तर पुढे वस्तूत बदल झाला की नंबर खोटा पडला असता. असे नंबर देण्याचं, त्याआधी वस्तूचं नाव आणि वर्णन पक्कं करण्याचं काम अमेरिकी सरकारात वेगळी नोकरी मानलं जातं. पदांच्या वर्गवारीत तिचा क्रमांक २०५०, नाव ‘सप्लाय कॅटलॉगिंग’. पुस्तकांच्या कॅटलॉगशी तिचा काही संबंध नाही. ग्रंथपालांची मालिका निराळी, १४१०.

ही नोकरी जन्माला आली गोंधळातून. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकी नौदलाची मालाची यादी वेगळी, भूदलाच्या खात्यांच्या वेगळ्या. १९२९ साली साऱ्या केंद्र सरकारसाठी एक प्रमाण यादी करायची असं ठरलं खरं, पण जो तो आपल्याच वहीला चिकटून राहिला. शांततेच्या काळात हे खपून गेलं. दुसऱ्या महायुद्धात माल समुद्रापार जाऊ लागला आणि या सवयीची किंमत कळली.

उदाहरण आपल्या गॅरेजमधलंच घेऊ. ६२०५ नंबरचं बेअरिंग कुठलाही मिस्त्री ओळखतो: आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, रुंदी १५. चार कंपन्यांनी बनवलं तरी माप तेच. पण एका खात्याने ते ट्रकचा सुटा भाग म्हणून नोंदवलं, दुसऱ्याने पंपाचा म्हणून आणि तिसऱ्याने कारखान्याच्या पार्ट नंबराने, तर कागदावर ती तीन वेगळी बेअरिंगं झाली. एका गोदामात माल धूळ खात पडलेला, शेजारच्या गोदामात त्याच मालासाठी गाडी अडलेली, आणि खरेदी विभाग नवी ऑर्डर काढतोय! स्टोअरमध्ये काम केलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. बिन कार्डावर, म्हणजे मालाच्या खणाला लावलेल्या कार्डावर, एक नाव आणि लेजरला दुसरं, हे कुठे होत नाही?

जानेवारी १९४५ मध्ये, युद्ध अजून चालू असतानाच, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी अंदाजपत्रक विभागाला पत्र लिहून सगळ्या सरकारसाठी एकच वस्तुयादी तयार करायला सांगितलं. तीन महिन्यांत ते गेले. युद्धानंतर काम रेंगाळत पुढे सरकलं. १९४९ च्या कायद्याने मुलकी खरेदीसाठी जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन उभं राहिलं आणि सामाईक यादीची जबाबदारी त्याच्याकडेही आली. निर्णायक ठरला तो १ जुलै १९५२ चा संरक्षण कॅटलॉगिंग व प्रमाणीकरण कायदा. पुन्हा पुन्हा लागणाऱ्या प्रत्येक वस्तूला एकच नाव, एकच वर्णन, एकच नंबर असावा, असं त्यात बजावलेलं होतं. सुरुवातीला नंबर अकरा आकडी होता. १९७४ मध्ये नाटो देशांच्या पद्धतीशी जुळवून घ्यायला मधे देशाचे दोन आकडे घातले आणि तेरा झाले. जुन्या अमेरिकी वस्तूंना ‘००’ मिळालं, नंतरच्यांना ‘०१’. त्या पेनाच्या नंबरात ‘००’ आहे, म्हणजे ते पेन्शनरांतलंच म्हणायचं.

या सगळ्यात नाव देण्याचं काम मला सर्वांत रंजक वाटतं. एकाच हत्याराला अमेरिकी माणूस रेंच म्हणतो, इंग्रज स्पॅनर म्हणतो, आमच्याकडे तो पाना. यादीत कुठलं एकच नाव चालेल हे ठरवून दिलेलं असतं, आणि शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी येतं तसं मूळ नाम आधी लिहायचं: ‘पेन, बॉल-पॉइंट’, ‘स्क्रू, मशीन’. प्रत्येक मान्य नावाची व्याख्याही असते, कारण स्क्रू कुठे संपतो आणि बोल्ट कुठे सुरू होतो यावर वर्ग बदलतो. स्क्रूंचा वर्ग ५३०५, बोल्टचा ५३०६.

मग कॅटलॉगर दिवसभर करतो काय? समजा नव्या बेअरिंगसाठी नंबर मागणारा अर्ज आला. तो आधी कारखान्याचं ड्रॉइंग उघडतो आणि मापं, धातू, सील आहे की नाही, हे एकेक करून टिपतो. मग हीच वस्तू दुसऱ्या नावाने यादीत आधीच बसलेली नाही ना, ते शोधतो. सापडली तर नवा नंबर नाही. जुन्याच नंबराखाली नव्या कंपनीचा पार्ट नंबर जोडायचा. काही फरक निघाला, तर तो वापराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे का, हे ठरवायचं. नवा नंबर द्यायला नकार देणं हे या माणसाचं खरं कसब.

अमेरिकेतल्या सरकारी पदांची आजची श्रेणीरचना १९४९ च्या कायद्यातली. पुरवठ्याशी संबंधित पदं २००० च्या गटात येतात: २००५ म्हणजे स्टोअरचे कारकून, २०१० म्हणजे साठ्याचं नियोजन करणारे, आणि २०५० हे कॅटलॉगर. पदवी किंवा तेवढ्या वर्षांचा अनुभव असेल तर पाचव्या किंवा सातव्या श्रेणीत प्रवेश मिळतो; पुढे नववी, अकरावी. खास पदवी लागत नाही, त्यामुळे कारकुनीतून वर आलेले आणि लष्करातून सुटलेले लोक या वाटेने येतात. बहुतेक पदांना अमेरिकी नागरिकत्व लागतं, म्हणून व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलांना ही दारं बंदच.

या कामाचं माहेर मिशिगनमधलं बॅटल क्रीक, आणि तिथली इमारत मोठी गमतीची आहे. ते मूळचं कॉर्नफ्लेक्सवाल्या केलॉग घराण्यातल्या डॉक्टर जॉन हार्वे केलॉग यांचं आरोग्यधाम. १९४२ मध्ये लष्कराने ते घेतलं आणि जखमी सैनिकांचं पर्सी जोन्स रुग्णालय केलं. फिलिप हार्ट, बॉब डोल आणि डॅनियल इनोये हे तिघे तिथे उपचार घेत होते. पुढे तिघेही सिनेटर झाले, आणि २००३ मध्ये इमारतीला त्यांची नावं दिली. रुग्णालय गेलं, सरकारी कचेऱ्या आल्या, आणि १९६१ मध्ये स्थापन झालेल्या संरक्षण पुरवठा संस्थेचं (आजची डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी) कॅटलॉगचं काम तिथे स्थिरावलं. पंचकार्ड, मायक्रोफिश, सीडी, असं करत यादी आता संगणकाच्या पडद्यावर आली आहे.

आपल्याकडे या कामाची परंपरा इंग्रजांची. त्यांच्या लष्करी सामानाच्या यादीचं नावच ‘व्होकॅब्युलरी’, म्हणजे शब्दसंग्रह. १९६२ मध्ये संरक्षण मंत्रालयाने मानकीकरण संचालनालय स्थापन केलं, ते वस्तूंची भाऊगर्दी आवरण्यासाठी. तिन्ही दलांच्या वस्तूंना सांकेतिक क्रमांक देण्याचं काम तिथेच चालतं. अमेरिकेसारखी कॅटलॉगरची भरती मात्र आपल्या तरुणांच्या कानावर येत नाही. देहू रोड किंवा खडकीच्या डेपोकडे डोळे लावून बसलेली मुलं लष्कराला सामान पुरवणाऱ्या ऑर्डनन्स कोअरची ‘मटेरियल असिस्टंट’ची जाहिरात पाहतात. त्याला कुठलीही पदवी, किंवा मटेरियल मॅनेजमेंटचा नाही तर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा चालतो.

नाटोच्या या पद्धतीत भारताचा संकेतांक ७२ आहे. म्हणजे इथे आराखडा झालेलं नवं बेअरिंग नोंदवलं, तर त्याचा नंबर ३११०-७२ ने सुरू होईल; ३११० हा बेअरिंगांचा वर्ग. आराखडा जर्मन असेल तर नंबर जर्मनीकडून मागवायचा, आणि मधे येणार १२.