खाण कंपनीचा पीई कमी दिसला, तर ऑर्डरआधी हे वाचा

तिमाही निकाल लागले की आमच्याकडे ठरलेला फोन येतो: "पीई पाचवर आलाय, स्वस्त आहे, घेऊन टाका." शेअर बहुतेक वेळा खाण कंपनीचा असतो.

पीई कसा काढतात हे तुम्हाला ठाऊक आहे: शेअरचा भाव भागिले प्रति शेअर वर्षाचा नफा. चूक होते ती साबण कंपनीचा पीई आणि खाणीचा पीई एकाच नजरेने वाचण्यात. साबणाचा भाव कंपनी ठरवते. लोहखनिजाचा भाव चीनमधल्या पोलाद कारखान्यांच्या मागणीवर हलतो, आणि खाणीचा खर्च त्या प्रमाणात हलत नाही. समजा टनाला भाव ५,००० रुपये आणि खर्च ३,०००, म्हणजे नफा २,०००. भाव २० टक्के उतरून ४,००० झाला की नफा थेट निम्मा. स्क्रीनवरचा पीई मागच्या चार तिमाहींच्या नफ्यावर काढलेला असतो. बाजार मात्र पुढची उतरण धरून चाललेला असतो. म्हणून नफा शिखरावर असतानाच पीई सर्वांत कमी दिसतो.

लोहखनिज काढणाऱ्या सरकारी एनएमडीसीचंच बघा. मे २०२१ मध्ये लोहखनिज टनाला २३० डॉलरवर गेलं आणि नोव्हेंबरपर्यंत ९० च्या आसपास आलं. २०२१-२२ मध्ये कंपनीचा नफा ९,००० कोटींच्या वर होता आणि पीई एक आकडी. मे २०२२ मध्ये सरकारने खनिजावरचं निर्यात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. ती वाढ नोव्हेंबरात मागे घेतली, पण २०२२-२३ चा नफा ५,५०० कोटींच्या आसपासच राहिला. उलट, मंदीत नफा आटतो आणि पीई २५-३० दिसतो. तेव्हा कोणी फोन करत नाही, आणि खरं तर चौकशी तेव्हाच करायला हवी.

म्हणून खाण शेअरची ऑर्डर टाकण्याआधी आम्ही कंपनीच्या नफ्याचा दहा वर्षांचा तक्ता समोर ठेवतो. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. आम्ही टिप्स देत नाही, पण आकडे दाखवल्याशिवाय ऑर्डर घेणं आम्हाला पटत नाही. शेअरचा आजचा भाव एका वर्षाच्या प्रति शेअर नफ्याने न भागता दहा वर्षांच्या सरासरीने भागा. चित्र बरंच बदलतं. जुने आकडे जुळवून घ्यावे लागतात, हेही महत्त्वाचं. मँगनीज काढणाऱ्या नागपूरच्या मॉइलने २०१७ मध्ये एकास एक बोनस दिला, म्हणजे एका शेअरमागे एक शेअर मोफत; एनएमडीसीचा पोलाद कारखाना २०२२ मध्ये वेगळी कंपनी झाला. हे न धरता काढलेला जुना पीई फसवा असतो.

खाणीच्या लीजची, म्हणजे भाडेपट्ट्याची, मुदतही तपासा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं. असा धोका पीईमध्ये दिसत नाही.

आमच्याकडे डीमॅट खातं असलेल्यांना हा तक्ता मोफत मिळतो. दुसरीकडे खातं असेल तरी होल्डिंग स्टेटमेंट घेऊन या, एकदा बसून समजावून देऊ. बाजार बंद झाल्यावर, साडेतीननंतर आलात तर निवांत बोलता येईल.