धाप लागते ती फक्त वजनामुळे?

इचलकरंजीत मागावर किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत राबणाऱ्या माणसाला शुगर निघाली की सल्ले ठरलेले: पाय जपा, डोळे तपासा, किडनी सांभाळा. हृदयाचा विषय निघालाच तर ॲटॅकपुरता. पण ॲटॅक न येताही मधुमेहात हृदय वर्षानुवर्षं दुबळं होत जातं, त्याचं शेवटी हार्ट फेल्युअर होतं, म्हणजे शरीराला लागेल तेवढं रक्त हृदयाला पुरवता येत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांच्या पाहणीत १९७४ सालीच दिसलं होतं, की मधुमेही पुरुषांना हा धोका दुप्पट आणि बायकांना पाचपट असतो.

साखर सतत चढी राहिली की हृदयाचा स्नायू ताठर होतो. आकुंचन नीट होतं, पण तो पुरता सैल पडत नाही, आणि रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. लठ्ठपणात मुळात रक्ताचं आकारमानच वाढलेलं, त्याचा भार वेगळा. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ‘पंपिंग ६० टक्के’, म्हणजे नॉर्मल असतं, म्हणून सगळे निर्धास्त. जिन्यावरची धाप ‘वजन आहे, लागणारच’ म्हणून सोडून दिली जाते. घोट्यावर बोट दाबल्यावर खड्डा राहू लागला, आडवं झाल्यावर दम लागून झोपायला दोन उशा लागू लागल्या, की मग धावपळ.

हातावर पोट असलेल्यांच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. वजनाने गुडघे दुखतात, पण उभं राहिल्याशिवाय हजेरी नाही. मग मेडिकलमधून चिठ्ठीविना डायक्लोफिनॅक. ही गोळी किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावते, बीपी चढवते. मधुमेहाच्या काही स्वस्त ‘थ्री-इन-वन’ गोळ्यांत पायोग्लिटाझोन असतं, तेही पाणी धरतं. पाय सुजत असतील तर सगळ्या स्ट्रिपा डॉक्टरांपुढे ठेवाव्यात; मनानं मात्र काही बंद करू नये.

मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. रविवारच्या तांबड्या रश्शाला मी नावं ठेवणार नाही. मीठ जातं ते रोजच्या चटणीतून, लोणच्यातून, चहाबरोबरच्या खारीतून. आणि गूळ आपल्या मातीतला असला तरी शुगर साखरेसारखीच वाढवतो, हे कोल्हापुरात कुणाला पटत नाही!

आता खरी चांगली बातमी. किडनी रोज सुमारे १८० ग्रॅम साखर गाळून परत रक्तात घेते. ग्लिफ्लोझिन गटाची औषधं त्यातली काही साखर, सोबत मीठ-पाणीही, लघवीवाटे जाऊ देतात. २०१५ साली यातल्याच एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत हार्ट फेल्युअरसाठी दाखल व्हायचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं. २०१८ साली डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत २७ टक्क्यांनी, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना आधी हृदयविकार नव्हता. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. साठेक रुपयांची गोळी दहाच्या आसपास आली.

औषध सरसकट नाही. लघवीत साखर राहिल्याने जननेंद्रियांना बुरशी लागते. कामावर धड संडास-बाथरूम नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या बाईला हे डॉक्टरांनी आधी सांगायला हवं. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास धरणाऱ्यांनी, किंवा उलट्या-जुलाब झाल्यास, गोळी थांबवायची का हे विचारून घ्यावं. पोटात अन्न नसताना रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. बीपी आणि शुगर तिशीनंतर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात फुकट तपासून मिळते. धाप लागत असेल तर तेही तिथेच सांगावं, कुणी विचारायची वाट न पाहता.