प्रकल्प-दप्तराचे शिक्षण

पूल, इमारत, संगणकप्रणाली किंवा चित्रपट उभा राहत असताना त्यामागचा पत्रव्यवहार, वेळापत्रक, देयके, इतिवृत्ते व नोंदवह्या सांभाळण्याची विद्या आणि ती आत्मसात करण्याच्या रीती. मुंबईतील खाजगी कंपन्यांत हे काम ‘प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर’ किंवा ‘डॉक्युमेंट कंट्रोलर’कडे, तर शासकीय कचेऱ्यांत मुख्यतः लिपिकांकडे असते.

‘दप्तर’ हा शब्द मराठीत फार्सीतून आला. त्याचे मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’ (कमावलेले कातडे) या शब्दात असावे, असे बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. ‘कारकून’ हाही फार्सी शब्द असून त्याचा अर्थ ‘काम करणारा’ असा आहे.

या विद्येचे प्रमुख साधन म्हणजे पट्टी-तक्ता, म्हणजे प्रत्येक कामाचा काळ आडव्या पट्टीने दाखवणारे वेळापत्रक. त्याचे श्रेय रूढीने अमेरिकन अभियंता हेन्री गँट (१८६१–१९१९) याला दिले जाते व तक्ताही त्याच्याच नावाने ओळखला जातो. गँटने असे तक्ते साधारणपणे १९१० ते १९१५ या काळात प्रचारात आणले. मात्र पोलिश अभियंता कारोल आदामिएत्स्की याने १८९६ च्या सुमारास ‘हार्मोनोग्राम’ नावाचा तक्ता तयार केला होता. त्याचे लेखन पोलिश व रशियन भाषांत असल्याने पश्चिमेकडे ते उशिरा पोचले. अग्रक्रमाचा वाद केवळ तारखांवर सोडवणे योग्य नाही, कारण दोन्ही तक्त्यांचे स्वरूप वेगळे आहे. गँटच्या तक्त्यांचा भर ठरलेल्या व झालेल्या कामाच्या तुलनेवर होता. कोणते काम कशावर अडून आहे, हे त्यांत दिसत नसे. हार्मोनोग्राममध्ये प्रत्येक कामाच्या आधीचे व नंतरचे काम नोंदलेले असे. त्यामुळे १९५७ च्या सुमारास द्यू पाँ व रेमिंग्टन रँड या कंपन्यांत विकसित झालेली ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत आणि १९५८ मधील अमेरिकन नौदलाची ‘पर्ट’ पद्धत या एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची साखळी मांडणाऱ्या पद्धतींशी आदामिएत्स्कीचे नाते अधिक जवळचे दिसते. शिकाऊ उमेदवारालाही हा भेद लवकर उमगणे फार मोलाचे ठरते. पट्ट्या रंगवणे दोन दिवसांत जमते. सिमेंट येण्याआधी कोणाची मंजुरी यायला हवी, हे कळायला त्या कामाचे कागद हाताखालून जावे लागतात.

मुंबईत औपचारिक शिक्षणाचे टप्पे विखुरलेले आहेत. राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांच्या वेगाचे प्रमाणपत्र लागते. ‘एमएस-सीआयटी’ हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम २००१ पासून चालू आहे. उच्च स्तरावर, पवईची राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी संस्था (स्थापना १९६३) २०२३ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई झाली.

खरी तालीम मात्र जुन्या हाताच्या शेजारी बसूनच होते. बांधकामाच्या नस्तीत (फाइलीत) अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक आणि चालू देयके हा क्रम तोंडपाठ असावा लागतो. पत्र दिले की पोच घ्यायची व आवक-जावक नोंदवहीत क्रमांक टाकायचा, ही पहिली शिस्त. नकाशाची सुधारित प्रत आली की जुन्या प्रतीवर ‘रद्द’ शिक्का मारायचा, ही दुसरी. ती चुकली तर साइटवर जुन्याच मापाने काम होते आणि केलेले तोडावे लागते. बैठकीचे इतिवृत्त लिहिताना ‘चर्चा झाली’ एवढे पुरत नाही: निर्णय काय, तो कोणी व कोणत्या तारखेपर्यंत अमलात आणायचा, हे लिहायचे. वेळापत्रक आखताना जून ते सप्टेंबरचा पाऊस धरावाच लागतो. नालेसफाईसाठी महानगरपालिका बहुधा ३१ मेची मुदत ठेवते.

चित्रपटनिर्मितीत निर्मिती-व्यवस्थापकाच्या हाताखाली हीच तालीम मिळते. तेथे उद्या कोणाला, कुठे व किती वाजता बोलवायचे हे सांगणारी ‘कॉलशीट’ हा मुख्य कागद असतो.