जीबीएस : चालू लागल्यानंतरची वर्षे

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरी सिंड्रोमची म्हणजे जीबीएसची साथ आली. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते आणि हातपाय लुळे पडतात. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. तेव्हा चर्चा झाली ती दूषित पाण्याची, व्हेंटिलेटरची आणि महागड्या इंजेक्शनांची. घरी परतलेल्या रुग्णांचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही. ही उपेक्षा पुण्यापुरती नाही. या आजाराच्या इतिहासातच ती आहे.

पायांपासून वर चढत जाणाऱ्या लकव्याचं वर्णन फ्रान्समध्ये लॅन्ड्री यांनी 1859 मध्येच केलं होतं. 1916 मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, गुलेन, बॅरी आणि स्ट्रोल या लष्करी डॉक्टरांनी असा लकवा झालेल्या दोन सैनिकांच्या मणक्यातलं पाणी तपासलं. त्यात प्रथिनं वाढलेली होती, पेशी मात्र वाढलेल्या नव्हत्या; हीच पुढे या आजाराची खूण ठरली. दोघेही सुधारले, आणि ‘हा आजार बरा होतो’ हा समज तेव्हापासून रुजला.

पुढची कित्येक दशकं सगळं बळ जीव वाचवण्यात गेलं, आणि ते योग्यच होतं. श्वासाचे स्नायू लुळे पडले की रुग्ण दगावत असे. व्हेंटिलेटर आले, 1980 च्या दशकात प्लाझ्मा एक्स्चेंजचा, म्हणजे रक्तातला द्रव भाग काढून बदलण्याचा, उपयोग सिद्ध झाला, 1992 मध्ये डच डॉक्टरांनी आयव्हीआयजी, म्हणजे निरोगी लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडं शिरेतून देणं, तितकंच गुणकारी असल्याचं दाखवलं. या उपचारांचं यश मोजायला 1978 पासूनची एक पट्टी होती : 0 म्हणजे निरोगी, 6 म्हणजे मृत्यू. मधल्या पायऱ्या मुख्यतः चालणं आणि श्वास यांवर ठरलेल्या. दुखणं, थकवा, तळपायांची बधिरता यांना तिथे वेगळी जागाच नव्हती. माझ्या मते खरी चूक इथे झाली. आधाराशिवाय चालू लागलेला माणूस कागदावर जवळपास बरा ठरला, मग तो दुपारपर्यंत कामाला उभा राहू शकत नसला तरी.

1999 मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाने ही बाजू उजेडात आणली. जीबीएस आणि त्यासारख्या आजारांतून गेलेल्यांपैकी सुमारे 80 टक्के लोकांना तीव्र थकवा होता, आणि हात-पायांची ताकद परत आलेल्यांचीही त्यातून सुटका नव्हती. घरच्यांना हा थकवा दिसत नाही. ‘आता काय झालंय तुला?’ हे वाक्य अशा रुग्णाला किती लागत असेल! थकव्यावर अमॅन्टाडीन हे औषध देऊन पाहिलं, त्याचा उपयोग झाला नाही. देखरेखीखाली 12 आठवडे सायकल चालवण्याच्या व्यायामाने मात्र थकवा कमी झाला आणि रोजचं जगणं सुधारलं.

पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. त्याच्या संसर्गानंतरच्या जीबीएसमध्ये मज्जातंतूच्या वरच्या आवरणाऐवजी आतल्या तंतूलाच इजा होण्याची शक्यता जास्त असते. तुटलेला तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंत पोहोचायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. अशांची फिजिओथेरपी पैशांअभावी किंवा ‘आता चालतोय की’ म्हणून मध्येच थांबता कामा नये.