पीस रिव्हर नॉर्थ: प्रांतातला कन्झर्व्हेटिव्ह वेगळा, ओटावातला वेगळा

लोकसभा आणि विधानसभा यांतला फरक मराठी वाचकाला समजावत बसायची गरज नाही. कॅनडातही राजधानी ओटावाला खासदार जातो, प्रांताच्या विधिमंडळात आमदार जातो. निवडणुका वेगवेगळ्या वेळी होतात, त्या घेणाऱ्या यंत्रणा वेगळ्या असतात, मतदारसंघांच्या हद्दीही वेगळ्या आखल्या जातात. इथवर कुणी चुकत नाही.

घोळ होतो तो पक्षाच्या नावावर. आपल्याकडे काँग्रेसचा एबी फॉर्म विधानसभेचा असो वा लोकसभेचा, पक्ष तोच, हायकमांड तेच. तोच हिशोब लोक कॅनडाला लावतात. मग २०२४ च्या ब्रिटिश कोलंबिया (बीसी) प्रांताच्या निवडणुकीबद्दल एक वाक्य हमखास कानावर येतं: "उत्तरेतला लिबरल गड कन्झर्व्हेटिव्हांनी घेतला, ट्रूडोंना दणका बसला." या वाक्यातला प्रत्येक शब्द चुकीच्या पायावर उभा आहे.

बीसीच्या विधिमंडळाचा पीस रिव्हर नॉर्थ हा मतदारसंघ घ्या. रॉकी पर्वताच्या पलीकडे, अल्बर्टाच्या सीमेला लागून. मुख्य गाव फोर्ट सेंट जॉन. नैसर्गिक वायू, शेती आणि लाकूड यांवर चालणारा हा मुलूख. आणखी वर फोर्ट नेल्सन; तिथली नॉर्दर्न रॉकीज पालिका एकटीच सुमारे ८५ हजार चौरस किलोमीटरची आणि वस्ती पाच हजारांच्या आत.  

या मतदारसंघानं २००१ पासून २०२० पर्यंतच्या प्रत्येक प्रांतिक निवडणुकीत ‘लिबरल’ आमदार दिला. आणि याच भागानं १९९३ पासून ओटावाला पाठवले ते आधी उजव्या रिफॉर्म पक्षाचे, पुढे कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे खासदार: जे हिल, आणि २०११ पासून बॉब झिमर. मतदार तेच. ते दुटप्पी नव्हते. बीसी लिबरल हा प्रांतातला पक्ष तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांच्या केंद्रीय लिबरल पक्षाची शाखा नव्हताच. दोघांनी १९८७ मध्येच संबंध तोडले होते. पुढे बीसी लिबरल ही डाव्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला (एनडीपी) रोखण्यासाठी एकत्र आलेल्या उजव्या आणि मध्यममार्गी मंडळींची मोट झाली.

हे पटत नसेल तर रिचर्ड न्यूफेल्ड यांची कारकीर्द पाहा. १९९१ मध्ये ते इथूनच प्रांतातल्या सोशल क्रेडिट या उजव्या पक्षाचे आमदार झाले, मग रिफॉर्म बीसी या दुसऱ्या उजव्या पक्षात गेले, मग बीसी लिबरलमध्ये. लिबरल सरकारात ते ऊर्जामंत्री होते. आणि २००९ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी त्यांना सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात नेमलं, कन्झर्व्हेटिव्ह म्हणून. आपल्या चष्म्यातून हे मोठं पक्षांतर दिसतं. पीस रिव्हरच्या मतदाराला त्यात वावगं काही दिसलं नाही, कारण माणूस होता तिथेच होता.

आता २०२४ ची लढत नीट वाचता येते. बीसी लिबरलनं २०२३ मध्ये नाव बदलून बीसी युनायटेड केलं. २८ ऑगस्ट २०२४ ला, मतदानाला दोन महिनेही उरले नसताना, पक्षनेते केविन फाल्कन यांनी प्रचारच थांबवला, उजव्यांची मतं फुटू नयेत म्हणून. विद्यमान आमदार डॅन डेव्हिस यांच्या पायाखालची जमीन गेली. ते अपक्ष उभे राहिले. बीसी कन्झर्व्हेटिव्हांचे जॉर्डन कीली यांनी त्यांना हरवलं. शेजारच्या पीस रिव्हर साउथमध्ये बीसी युनायटेडचेच आमदार माइक बर्निये यांचंही तेच झालं. म्हणजे गड कुणी कुणाचा घेतला? एका उजव्या पक्षाचा डेरा उठला आणि मतदार दुसऱ्या उजव्या पक्षाकडे गेले. ट्रूडोंचा पक्ष मतपत्रिकेवर नव्हताच.

दुसरी अर्धी चूकही तितकीच पक्की रुजलेली आहे. बीसी कन्झर्व्हेटिव्ह पक्ष हा पियेर पोइलिएव्ह यांच्या केंद्रीय कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा प्रांतिक विभाग नाही. संघटना वेगळी, नेता वेगळा, उमेदवारी देणारे वेगळे. निव्वळ ‘कन्झर्व्हेटिव्ह’ लिहून मोकळं होणं मला चालत नाही. प्रांताची बातमी असेल तर ‘बीसी’ हा शब्द लिहायलाच हवा. या पक्षाचे तेव्हाचे नेते जॉन रस्टॅड हेसुद्धा उत्तरेतल्या नेचाको लेक्स मतदारसंघाचे आणि २०२२ मध्ये बीसी लिबरलमधून काढलेले. पक्षाचं मूळ प्रांताच्या राजकारणात आहे.

आणि प्रश्नही प्रांताचेच होते. पीस नदीवरचं १,१०० मेगावॉटचं साइट सी धरण प्रांताच्या मालकीच्या बीसी हायड्रोचं. वायूच्या विहिरींचे परवाने प्रांत देतो. ब्लूबेरी रिव्हर फर्स्ट नेशन्स या मूलनिवासी समाजाच्या खटल्यात जून २०२१ मध्ये न्यायालयानं ट्रीटी ८ या जुन्या कराराचा भंग झाल्याचं ठरवलं, तेही प्रांताविरुद्ध. इस्पितळंही प्रांताकडे. यातलं काहीही पोइलिएव्ह यांच्या हातात नाही.

अपवाद एनडीपीचा. तिथे बीसीत प्रांतिक सदस्यत्वाबरोबर केंद्रीय सदस्यत्व मिळतं, त्यामुळे आपला हिशोब त्यांना बराचसा लागू पडतो. इतरांना लावू नका.

मार्च २०२५ मध्ये कीली यांनी बीसी कन्झर्व्हेटिव्ह गट सोडला आणि ते अपक्ष म्हणून बसू लागले. पुढच्याच महिन्यात, २८ एप्रिलला, केंद्रीय निवडणूक झाली आणि झिमर कन्झर्व्हेटिव्ह म्हणून पुन्हा निवडून आले. आमदारानं सोडलेला पक्ष आणि खासदार ज्याच्या तिकिटावर जिंकले तो पक्ष, हे दोन पक्ष होते.