भारत–श्रीलंका मुक्त व्यापार करार

भारत आणि श्रीलंका या शेजारी देशांनी एकमेकांच्या मालावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यासाठी केलेला द्विपक्षीय करार. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी आणि श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंग यांनी २८ डिसेंबर १९९८ रोजी नवी दिल्लीत त्यावर सह्या केल्या आणि मार्च २००० पासून तो अमलात आला. नेपाळ व भूतान यांना भारताकडून व्यापारी सवलती त्याआधीपासून मिळत होत्या; परंतु वस्तूंच्या याद्या, शुल्ककपातीचे वेळापत्रक आणि मालाच्या मूळस्थानाचे, म्हणजे माल नेमका कोणत्या देशात तयार झाला हे ठरवण्याचे, नियम अशा रीतसर मांडणीचा भारताचा पहिला मुक्त व्यापार करार म्हणून याच कराराकडे पाहिले जाते. त्याला आता पंचवीस वर्षे होऊन गेल्यामुळे असे करार सामान्य माणसाच्या पदरात नेमके काय टाकतात, हे या उदाहरणावरून बरेच तपासता येते. मात्र ‘सामान्य माणूस’ हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. श्रीलंकेतील मातले जिल्ह्याचा मिरी उत्पादक, केरळातील वायनाडचा मिरी उत्पादक, कोलंबोचा रिक्षाचालक आणि नाशिकचा कांदा उत्पादक हे सगळेच सामान्य आहेत, पण या करारात त्यांची हिते एका बाजूला उभी राहत नाहीत.

कराराची मांडणी मुद्दाम असमान ठेवण्यात आली होती. लहान शेजाऱ्याला मोठ्याने अधिक सवलत द्यावी आणि तितक्याच परतफेडीची अपेक्षा धरू नये, हा विचार नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात भारताच्या परराष्ट्र धोरणात रुजला होता आणि त्याची छाप या करारावर दिसते. भारताने १,३५१ वस्तूंवरील शुल्क पहिल्याच दिवसापासून शून्य केले आणि उरलेल्या बहुतेक वस्तूंवरील शुल्क मार्च २००३ पर्यंत उतरवत नेले. श्रीलंकेने सुरुवातीला केवळ ३१९ वस्तू शुल्कमुक्त केल्या आणि बाकीच्यांसाठी आठ वर्षांची मुदत घेतली. ज्या वस्तूंना कोणतीही सवलत मिळणार नाही त्यांची यादी, म्हणजे नकारात्मक यादी, भारताची ४२९ वस्तूंची, तर श्रीलंकेची सुमारे १,१८० वस्तूंची होती. श्रीलंकेने आपला शेतमाल आणि शुल्कापोटी सरकारी तिजोरीत भर घालणारी वाहने या यादीत सुरक्षित ठेवली.

वरवर उदार दिसणाऱ्या या मांडणीत भारतानेही आपल्या नाजूक जागा झाकून घेतल्या होत्या. श्रीलंकेचा खरा हुकमी निर्यातमाल म्हणजे तयार कपडे आणि चहा. कटुनायके येथील निर्यात क्षेत्र १९७८ पासून चालू असून तेथील व इतर ठिकाणच्या कपड्यांच्या कारखान्यांत प्रामुख्याने खेड्यांतून आलेल्या तरुणी काम करतात. या कपड्यांना भारतात वर्षाला ८० लाख नगांचाच कोटा देण्यात आला, त्यांपैकी ६० लाख नग भारतीय कापडाचे असावेत अशी अट घातली गेली आणि माल ठरावीक बंदरांतूनच उतरवावा असे बंधन आले. चहालाही वर्षाला दीड कोटी किलोची मर्यादा होती. परिणामी पहिली काही वर्षे या कोट्यांचा अगदी अल्प भागच वापरला गेला. श्रीलंकेत ज्या उद्योगाने सर्वाधिक स्त्रियांच्या हाताला काम दिले, त्याच उद्योगासाठी शेजारची बाजारपेठ नावापुरती उघडली होती. बंदरांची आणि कापडाची अट पुढे सैल करण्यात आली, तोवर हे कारखाने युरोप-अमेरिकेच्या मागणीवर पुरते विसंबले होते.

व्यापाराचे आकडे मात्र झपाट्याने वाढले. २०००–०१ मध्ये श्रीलंकेतून भारतात सुमारे साडेचार कोटी डॉलरचा माल येत होता, तो २००५–०६ पर्यंत सुमारे ५८ कोटी डॉलरवर गेला. याच आकड्यांचा दाखला देऊन कराराचे समर्थक त्याला यशस्वी म्हणत. पण त्या मालात काय होते हे पाहिले की चित्र बदलते, कारण त्या काळात श्रीलंकेच्या भारतातील निर्यातीचा जवळजवळ निम्मा भाग वनस्पती तूप आणि तांबे या दोनच वस्तूंनी व्यापला होता, आणि पामतेल किंवा तांब्याचे खनिज यांपैकी कशासाठीही श्रीलंका प्रसिद्ध नव्हती.

याचे मूळ शुल्काच्या फरकात होते. भारताने पामतेलावर चढे आयात शुल्क लावले होते, श्रीलंकेत ते कमी होते. मलेशिया-इंडोनेशियाचे पामतेल श्रीलंकेत आणायचे, तेथे त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करून वनस्पती तूप बनवायचे आणि कराराखाली ते शुल्क न भरता भारतात पाठवायचे, असा हा व्यवहार होता. त्यासाठी श्रीलंकेत उभे राहिलेले कारखाने बऱ्याच अंशी भारतीय उद्योजकांनीच उभारले होते. मूळस्थानाच्या नियमानुसार मालात किमान ३५ टक्के मूल्यवर्धन निर्यातदार देशात व्हावे लागे. कच्चा माल भारतीय असेल तर श्रीलंकेतील वाटा २५ टक्के असला तरी चाले. ही टक्केवारी कागदावर भरून काढणे फारसे अवघड नव्हते. तांब्याची कथाही अशीच होती. भंगार वितळवून लगड किंवा तार बनवली की माल ‘श्रीलंकेचा’ होई. भारतातील वनस्पती उत्पादकांनी ओरड केली, २००६ मध्ये वनस्पतीवर वर्षाला अडीच लाख टनांचा कोटा आला, आणि २००८ मध्ये भारताने कच्च्या खाद्यतेलांवरील आयात शुल्क शून्यावर आणताच या आडवाटेचा उरलासुरला नफाही आटला. कारखाने ज्या वेगाने उभे राहिले त्याच वेगाने ओस पडले. यंत्रांवर चालणाऱ्या या धंद्यात माणसांना काम थोडे होते, आणि जे होते तेही दिल्लीतील एका शुल्क-अधिसूचनेवर अवलंबून होते. शेजाऱ्यांशी मुक्त व्यापार केल्याने रोजगार वाढतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर देताना निर्यातीच्या आकड्यामागे उत्पादन आहे की नुसता शुल्काचा फरक, हे आधी पाहिले पाहिजे, ते या प्रकरणावरून दिसते.

मिरीची हकीकत अधिक गुंतागुंतीची आहे आणि सामान्य शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. श्रीलंकेत मिरीचे मोठे मळे फारसे नाहीत. मातले, कँडी, कुरुनेगल या भागांत घराभोवतीच्या परसबागेत फणसाच्या किंवा इतर झाडांवर चढवलेल्या वेलींतून ती येते, म्हणजे उत्पादक बहुतांशी अल्पभूधारक आहे. तिचा सर्वांत मोठा ग्राहक भारत आहे. श्रीलंकेच्या मिरीत तेलाचे व तिखटपणाचे प्रमाण चांगले असल्याने कोचीकडील अर्क काढणाऱ्या कारखान्यांना ती हवी असते. एरवी भारतात मिरीवर ७० टक्के आयात शुल्क असताना श्रीलंकेच्या मिरीला २,५०० टनांपर्यंत शून्य शुल्काने आणि त्यापुढे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राच्या नियमांखाली ८ टक्के शुल्काने प्रवेश मिळत होता. मातलेच्या परसदारी या सवलतीचा थोडाफार लाभ निश्चित पोहोचला.

तोच लाभ वायनाड, इडुक्की आणि कोडगू येथील उत्पादकाला बोचत होता, आणि तोही बहुधा लहान शेतकरीच आहे. २०१६ च्या सुमारास किलोला सातशे रुपयांच्या घरात पोहोचलेली मिरी २०१८ मध्ये चारशेच्या खाली उतरली. या घसरणीचे मोठे कारण व्हिएतनामने वाढवलेले उत्पादन हे होते. परंतु व्हिएतनामची मिरी श्रीलंकेत उतरवून, तिला श्रीलंकेचे मूळस्थान प्रमाणपत्र लावून भारतात आणली जाते, अशी तक्रार दक्षिणेतील शेतकरी संघटना सातत्याने करत होत्या. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने मिरीसाठी किलोला ५०० रुपयांची किमान आयात किंमत ठरवली, म्हणजे त्याहून स्वस्त मिरी आयात करता येईना. या उपायाने आडमार्गाचा माल जसा अडला तसा मातलेचा अस्सल मालही अडला. प्रमाणपत्र कोणी खोटे वापरले याचा शोध घेणे कष्टाचे होते, सरसकट किमतीची भिंत घालणे सोपे होते, आणि शिक्षा झाली ती श्रीलंकेतल्या परसबागवाल्याला.

सुपारीच्या बाबतीत कोकण आणि गोव्याचा संबंध येतो. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोवा आणि त्याखालची कर्नाटकची किनारपट्टी येथील बागायतदार स्वस्त आयात सुपारीमुळे दर पडतात असे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, आणि इतर देशांची सुपारी श्रीलंकेच्या नावाने आणल्याची प्रकरणे तपास यंत्रणांनी उघडही केली आहेत. सुपारीची किमान आयात किंमत फेब्रुवारी २०२३ मध्ये किलोला २५१ वरून ३५१ रुपये करण्यात आली. त्याआधी सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी, माल खरोखर त्या देशात तयार झाला आहे याची माहिती बाळगण्याची जबाबदारी आयातदारावर टाकली आणि शंका आल्यास सीमाशुल्क अधिकाऱ्याला सवलत रोखून धरता येऊ लागली. करार अमलात आल्यानंतर वीस वर्षांनी आलेली ही तरतूद पहिल्या दिवसापासून असती, तर वनस्पती आणि मिरी या दोन्ही प्रकरणांतील बरीच कटुता टळली असती.

भारतातून श्रीलंकेत जाणाऱ्या मालाचा विचार केल्यास वेगळेच आश्चर्य समोर येते. ही निर्यात २०००–०१ मधील सुमारे ६४ कोटी डॉलरवरून २०१८–१९ मध्ये सुमारे ४७० कोटी डॉलरवर गेली, आणि ‘भारताने श्रीलंकेची बाजारपेठ गिळली’ या तेथील आरोपाला हेच आकडे पुरावा म्हणून दिले जातात. प्रत्यक्षात श्रीलंकेची भारतातील निर्यात साधारण ६० टक्क्यांपर्यंत कराराचा आधार घेते, तर भारताच्या तेथील निर्यातीचा जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपासचा भाग कराराखाली जातो. इंधन, वाहने, औषधे असा बाकीचा माल करार नसता तरी गेलाच असता. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे तिचाकी रिक्षा. श्रीलंकेच्या रस्त्यांवर ‘तुकतुक’ किंवा ‘थ्री-व्हील’ म्हणून धावणाऱ्या दहा लाखांहून अधिक रिक्षांमध्ये बजाजच्या रिक्षांचा भरणा मोठा आहे आणि या कंपनीचा तिचाकी वाहनांचा मोठा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे आहे. बेकार तरुणाला हप्त्यावर रिक्षा घेऊन पोट भरता येणे, हा भारताशी असलेल्या व्यापाराचा कदाचित सर्वांत प्रत्यक्ष लाभ म्हणता येईल. पण वाहने श्रीलंकेच्या नकारात्मक यादीत असल्याने तो लाभ पूर्ण शुल्क भरून मिळालेला आहे. परकीय चलन आटू लागल्यावर मार्च २०२० मध्ये श्रीलंकेने वाहनांची आयातच बंद केली.

कांद्याच्या बाबतीत कराराची मर्यादा आणखी स्पष्ट होते. श्रीलंकेत मोठा कांदा दांबुल्लाच्या परिसरात पिकतो, पण तो वर्षभर पुरत नाही आणि उरलेली गरज मुख्यत्वे भारतातून, त्यातही नाशिक पट्ट्यातून भागते. स्थानिक पीक बाजारात येण्याच्या सुमारास श्रीलंका सरकार आयात कांदा-बटाट्यावरील विशेष वस्तू कर वाढवते. दांबुल्लाच्या शेतकऱ्याला त्याने दिलासा मिळतो आणि कोलंबोच्या गृहिणीला जादा पैसे मोजावे लागतात. उलट भारतात भाव चढले की दिल्लीतून निर्यातबंदी येते. ८ डिसेंबर २०२३ रोजी आलेल्या बंदीने एकाच वेळी लासलगावच्या बाजार समितीत भाव पाडले आणि कोलंबोत वाढवले. एप्रिल २०२४ मध्ये श्रीलंकेसाठी १०,००० टनांची खास परवानगी दिली गेली आणि सर्वसाधारण बंदी ४ मे रोजी उठली. या साऱ्या काळात दोन्ही देशांत मुक्त व्यापार करार लागूच होता. शुल्क किती असावे हे त्यात बारकाईने लिहिलेले आहे. दोन्ही बाजूंच्या स्वयंपाकघरांना आणि शेतांना ज्याची झळ बसते, त्या अचानक बंदीपुढे आणि हंगामी करापुढे मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

कराराच्या अप्रत्यक्ष फळांमध्ये गुंतवणुकीचा उल्लेख करावा लागतो. श्रीलंकेतील एका वस्त्रोद्योग समूहाने विशाखापट्टणमजवळ अच्युतापुरम येथे उभारलेल्या वस्त्रनगरीत आंध्रच्या किनारी खेड्यांतील हजारो स्त्रियांना काम मिळाले आहे. कपड्यांना भारतात येण्यास कोटा होता, कारखान्याला नव्हता; त्यामुळे माल येण्याऐवजी कारखानाच आला. कटुनायकेच्या कामगार स्त्रीला मिळू शकला असता असा रोजगार अशा रीतीने समुद्र ओलांडून दुसऱ्या गरीब स्त्रीकडे गेला, याला लाभ म्हणावे की तोटा, हे विचारणारा कोणत्या किनाऱ्यावर उभा आहे त्यावर ठरते.

सेवा आणि गुंतवणूक यांचा समावेश करून करार विस्तारण्याचे प्रयत्न २००५ पासून चालू आहेत. सर्वंकष आर्थिक भागीदारी कराराचा मसुदा २००८ मध्ये तयार होता, पण कोलंबोतील सार्क परिषदेच्या वेळी त्यावर सही होऊ शकली नाही आणि श्रीलंकेतील उद्योजकांच्या विरोधामुळे तो बाजूला पडला. २०१६ मध्ये बोलणी आर्थिक व तंत्रज्ञान सहकार्य करार या नव्या नावाने सुरू झाली, तेव्हा विरोधाची धुरा डॉक्टर आणि इतर व्यावसायिकांनी घेतली. भारतातून स्वस्त मनुष्यबळ येईल ही त्यांची भीती होती. २०१८ नंतर थांबलेली चर्चा २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. वाहने आणि यंत्रसामग्रीवरील शुल्क कमी व्हावे ही भारताची, तर कपड्यांवरील कोटा काढून टाकावा ही श्रीलंकेची त्यातील एक प्रमुख मागणी आहे. १९९८ मध्ये दोघांनी एकमेकांपासून राखून ठेवले होते तेही हेच.