कचरा जाळणाऱ्या बॉयलरमधील उच्च तापमान क्षरण

कचरा जाळून वीज तयार करणाऱ्या प्रकल्पांत बॉयलरच्या नळ्यांना तप्त वायू आणि राखेतील क्षार खाऊन टाकतात. पावसात लोखंड गंजते तसे पाणी इथे लागत नाही. या प्रकल्पांची वीज कमी का पडते, याचे मोठे उत्तर या क्षरणात आहे. आधुनिक कोळसा केंद्रात वाफ ५४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापवतात. कचऱ्याच्या प्रकल्पात नळ्या वाचवण्यासाठी बहुधा ४०० अंश आणि ४० बार दाबाच्या आसपासच थांबावे लागते.

खरा अपराधी क्लोरीन. पीव्हीसी प्लास्टिक आणि उष्ट्या अन्नातले साधे मीठ या दोन्हींतून तो भट्टीत पोचतो. सोडियम, पोटॅशियम, जस्त, शिसे यांची क्लोराइडे वाफ होऊन उठतात आणि त्यामानाने थंड नळ्यांवर बसतात. राखेचा तो थर खरवडला की खाली लोखंडाच्या ऑक्साइडचे पोपडे सुटताना दिसतात. या पोपड्यांच्या भेगांतून क्लोरीन धातूपर्यंत शिरतो. तिथे ऑक्सिजन कमी असल्याने लोह क्लोराइड तयार होते, त्याची वाफ बाहेर सरकते, बाहेर ऑक्सिजन भेटताच तिचे ऑक्साइड होते आणि क्लोरीन पुन्हा मोकळा होतो. त्यातला काही परत आत वळतो. म्हणजे क्लोरीन फारसा खर्चच होत नाही. थोडासाही बराच काळ नळी पोखरत राहतो. याला सक्रिय ऑक्सिडीकरण म्हणतात.

स्टेनलेस स्टीलला एरवी तारणारा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्राही इथे टिकत नाही, कारण पोटॅशियम क्लोराइडशी त्याची क्रिया होऊन पोटॅशियम क्रोमेट बनते. जस्त आणि शिशाची क्लोराइडे मिसळली तर क्षार कमी तापमानालाच वितळतात, आणि वितळलेला क्षार धातू फार वेगाने खातो.

म्हणून भट्टीच्या भिंतींच्या नळ्यांवर ६२५ या निकेल मिश्रधातूचा थर वेल्डिंगने चढवतात. त्यात सुमारे २१ टक्के क्रोमियम आणि ९ टक्के मॉलिब्डेनम असते. भिंतीवर तो चांगला टिकतो. वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांवर, म्हणजे जास्त तापणाऱ्या सुपरहीटरवर मात्र तोही झिजतो. काही ठिकाणी अमोनियम सल्फेट फवारून क्लोराइडांचे त्रास कमी देणाऱ्या सल्फेटांत रूपांतर करतात. ॲम्स्टरडॅमच्या २००७च्या प्रकल्पाने वाफ ४४० अंश आणि १३० बारवर नेऊन ३० टक्क्यांवर निव्वळ कार्यक्षमता गाठली, तीही नळ्यांना निकेल मिश्रधातूचे कवच देऊनच.